विशाखा.कळव ही तुझी ओळ

विशाखा, भांडण अर्धं टाकून उठायची तुझी सवय जुनी. चहाचा कप खाली ठेवायचा, "बघू गं मेधा" म्हणायचं आणि जागेवर जाऊन कानात हेडफोन घालायचे. मी मागून बडबडत राहायचे. मेधा एकटीच बोलतेय म्हणजे विशाखा नुकतीच उठून गेली, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. तू गेल्याचं आपल्या मॅनेजरने, नितीनने, मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "असं कसं? आमचं अजून ठरायचंय." त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. बिचाऱ्याने सगळं पुन्हा सांगितलं.

ठरायचं काय होतं ते तुला माहीत आहे. तुझ्या आईला माहीत नव्हतं. गेल्या काही दिवसांत मला ते मावशींना समजावून सांगावं लागलं, आणि कधी नव्हे ते मला नीट समजावता आलं. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

मी म्हटलं, मावशी, ठाण्याच्या एका रक्तपेढीसाठी आम्ही अलार्म लिहिला. रक्ताच्या पिशव्यांचा फ्रीज गरम व्हायला लागला की ड्यूटीवरच्या माणसाला फोन जातो. टेपवरची बाई फ्रीजचा नंबर सांगते आणि म्हणते, काम स्वीकारण्यासाठी एक दाबा. एक दाबलं की सिस्टीम समजते, कुणीतरी निघालं. मग ती दुसऱ्या कुणाला त्रास देत नाही. आता ड्यूटीवरच्या प्रत्येकाचं प्रोग्रॅममध्ये एक ऑब्जेक्ट असतं. त्यात त्याचं नाव, नंबर, आणि त्याला फोन लावायची एक मेथड, म्हणजे नेमून दिलेलं काम. तिला आम्ही आपसात 'कळव' म्हणतो. एरवी मेथडला हाक मारली की ती तिथल्या तिथे काम करून मोकळी होते. पण आम्हाला फोन आत्ता लावायचा नसतो, फ्रीज गरम होईल तेव्हा लावायचा असतो. म्हणून ती मेथड न चालवता, एखादा आकडा द्यावा तशी अलार्मच्या हातात द्यायची. ठेव जवळ, वेळ आली की चालव. आणि मावशी, अशी दिलेली मेथड एकटी जात नाही. ज्या ऑब्जेक्टवरून उचलली, ते सोबत धरून जाते. परेश.कळव दिली तर ती परेशलाच फोन लावणार, मग परेश तोवर घरी जाऊन झोपला का असेना.

मावशी म्हणाल्या, "एवढं सोपं होतं तर तुम्ही दोघी इतकं ओरडायच्या कशावरून?"

एका ओळीवरून. पाळीवर आलेला माणूस लॉगिन करायचा, त्याची मेथड अलार्मच्या हातात जायची. लॉगआउट केलं की ती काढून घेतली जायची. पण सगळ्यांच्या खाली, सिस्टीम सुरू झाली त्या घटकेपासून, एक मेथड तशीच ठेवलेली होती. विशाखा.कळव. आम्हाला वाटायचं टेस्टिंगच्या वेळी तू स्वतःचा नंबर टाकलास आणि काढायचा आळस केलास. असली राहिलेली शितं मला दिसली की माझं डोकं फिरतं, हे तुला ठाऊक होतं. ऑफिसखालच्या टपरीवर, घोडबंदर रोडच्या धुळीत उभं राहून, मी किती वेळा तुझं डोकं खाल्लंय.

"काढ ते. मेथड कशाला बांधून ठेवतेस? एक छोटं फंक्शन दे ना. फ्रीज गरम झाला की ते ड्यूटीची यादी बघेल, तेव्हा जो कोण असेल त्याला लावेल फोन. तुझं म्हणजे कसं आहे, शेजारणीकडे किल्ली ठेवली आणि घर बदललं. किल्ली आहे, पण जुन्या घराची!"

"किल्ली तरी आहे ना माझी. तू तर दारात उभी राहून विचारणार, आत कोण आहे म्हणून. आत कुणीच नसेल तर?"

"कुणी नसेल कसं? रक्तपेढी आहे ती, आमच्या सोसायटीची मीटिंग नाही."

तू हसलीस, कप ठेवलास. "बघू गं मेधा."

आणि तो तुझा दुपारचा फोन! जेवणाच्या सुट्टीत, दोनच्या आसपास, अधूनमधून तुला फोन यायचा. तू डबा अर्धा टाकून बाहेर जायचीस, एक-दोन मिनिटं कुणाशी तरी हळू बोलायचीस आणि परत येऊन काही घडलं नाही अशी भाजीत पोळी बुडवायचीस. आम्ही काय काय चिडवलं तुला. कोण आहे गं, काय करतो, कल्याणचाच का, घरी कधी आणतेयस. तू नुसती लाजल्यासारखं करायचीस. मी तर मनात तुझ्या लग्नात काय नेसायचं तेही ठरवून टाकलं होतं.

तू गेल्यावर दोन दिवसांनी नितीनने तुझं नाव यादीतून काढलं. नियमच आहे, माणूस राहिला नाही की त्याचं लॉगिन बंद. मी समोर बसलेले. त्याने बटण दाबायच्या आधी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे पाहिलं. तुझ्या खुर्चीवर कुणीतरी हेल्मेट ठेवलं होतं, ते मी उचलून जमिनीवर आपटलं. मग तेच उचलून पुसलं, आणि ज्याचं होतं त्याला सॉरी म्हटलं.

त्याच आठवड्यात मावशींचा फोन आला. मी एका क्लायंटकडून ऑफिसला परत येत होते. घोडबंदरला नेहमीचं, ट्रॅफिक मुंगीच्या पावलानेही हलत नव्हतं, रिक्षा दोन कंटेनरच्या मध्ये अडकलेली.

"मेधा, कामात आहेस का गं?"

"नाही मावशी, बोला ना."

"काही नाही, विशूचा फोन चालू ठेवलाय मी. लोकांचे येतात ना, ज्यांना उशिरा कळलं त्यांचे. तर आत्ता एक टेपवरची बाई बोलली. फ्रीज दोन गरम होतोय म्हणे. मला वाटलं फ्रीज विकणारे असतील. मग म्हणाली एक दाबा. मी दाबलं. धन्यवाद म्हणाली आणि ठेवला. बरोबर केलं ना मी?"

एक दाबलं. सिस्टीमच्या हिशेबाने तू काम स्वीकारलं होतंस. आता ती कुणालाही फोन करणार नव्हती. रक्तपेढीतला फ्रीज गरम होत होता आणि ते कल्याणात बसलेल्या तुझ्या आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"बरोबर केलंत मावशी, ठेवते," एवढं म्हणून मी रक्तपेढीचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. दुपारच्या पाळीचा टेक्निशियन परेश, त्याला लावला. पूर्ण वाजला आणि कट झाला. मी रिक्षातून उतरायला निघाले, जणू पळत ठाणं गाठणार होते. पुन्हा लावला, तेव्हा उचलला.

"परेश, कुठेयस?"

"खाली पार्किंगला मॅडम, ट्रॅफिकमध्ये फसलेलो. आत्ताच आलोय, लॉगिन नाय केलं अजून..."

"वर पळ. दोन नंबर बघ. फोन कट करू नकोस!"

त्याने फोन बहुतेक खिशात टाकला. मला त्याचे पाय ऐकू येत होते, धाप, दार, कुणावर तरी ओरडणं. मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळात मी तुला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिक्षावाला मागे वळला. "मॅडम, घरात कोण सीरियस आहे का?" मी हो म्हटलं.

"मॅडम, कॉम्प्रेसर बंद पडलाय. पण चढायला लागलाय नुसता, लिमिटच्या आत आहे. पिशव्या एक नंबरला हलवतोय. वाचलो."

मी डोकं पुढच्या दांडीला टेकवून बसले. तो पुढे म्हणाला, अगदी सहज, "या टायमाला काय वाजलं तर विशाखा मॅडमचाच फोन यायचा ना. पोचलास का परेश, दोन नंबर बघ, असं. आज तुमचा आला."

"कधीपासून यायचा?"

"पहिल्यापासून. पाळी बदलायच्या टायमाला. मला वाटलं तुम्हाला सगळ्यांना माहितीय."

नाही रे बाबा. आम्ही लग्नाची साडी ठरवत बसलो होतो.

ऑफिसात नितीनचा चेहरा पांढरा पडला होता. "नाव काढलं होतं ना आपण? तुझ्यासमोर काढलं. मग तिला फोन गेलाच कसा?" मी त्याला सांगितलं. सकाळचा माणूस गेलेला, परेशचं लॉगिन व्हायचं होतं, म्हणून अलार्मने सगळ्यात खालची मेथड चालवली. यादीतून नाव गेलं, पण अलार्मच्या हातात मेथड होती, आणि मेथडने तुला धरून ठेवलं होतं. ज्याला कुणीतरी धरून ठेवलंय ते ऑब्जेक्ट मेमरीतून जात नाही. आपण कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य. ते मी मोठ्याने दोनदा म्हटलं आणि नितीन माझ्यासाठी पाणी आणायला गेला.

रक्तपेढीने लेखी खुलासा मागितला. मागणारच. नितीनने मसुदा केला आणि माझ्यासमोर ठेवला. माजी कर्मचाऱ्याने चाचणीसाठी वापरलेला वैयक्तिक क्रमांक सिस्टीममध्ये तसाच ठेवल्यामुळे प्रकार घडला, असं काहीतरी. खाली माझ्या सहीला जागा.

"मी का?"

"कारण तू पहिल्यापासून सांगत होतीस, काढ म्हणून. अख्ख्या ऑफिसने ऐकलंय. तू सही केलीस तर प्रश्नच मिटतो. खोटं आहे का यात काही?"

"खोटं नाही."

"मग? मेधा, ती गेली. तिला आता काय फरक पडणार आहे? इथे बाकीच्यांच्या नोकऱ्या आहेत. मला काय बरं वाटतंय का हे लिहिताना?"

त्याला वाटत नव्हतं, हे मी मान्य करते. स्मशानात तो माझ्यापेक्षा जास्त रडला होता. पण माझं टाळकं सरकलं ते त्याच्यावर नाही, त्या वाक्यावर. शब्दन् शब्द खरा, आणि वाचणाऱ्याला तू एक निष्काळजी बाई वाटणार. मी बाळंतपणानंतर परत कामाला लागले, दोन ओळी लिहिताना हात कापायचे, तेव्हा शेजारी खुर्ची ओढून "तू टाइप कर, मी नुसती बसते" म्हणणारी तू. मीटिंगमध्ये माझी चूक कुणी काढायच्या आत "ते आम्ही दोघींनी मिळून केलंय" म्हणणारी तू. मी तेव्हा कधी थँक्यू म्हटल्याचं आठवत नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

मी म्हटलं, उद्या सांगते. आणि माझी पद्धत चालवून पाहिली. ती दुपार जशीच्या तशी लावली. सकाळचा माणूस लॉगआउट झाला, परेश ट्रॅफिकमध्ये, फ्रीज गरम. अलार्मच्या हातात तुझ्या मेथडऐवजी माझं छोटं फंक्शन. त्याने इमानदारीत यादी पाहिली. यादी रिकामी. कुणालाच फोन गेला नाही. मी पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. माझी पद्धत त्या दिवशी असती तर मावशींवर चुकून एक दाबायचीही वेळ आली नसती, आणि पिशव्या फुकट गेल्या असत्या.

आत कुणीच नसेल तर, असं तू विचारलं होतंस. मला वाटलं वाद जिंकायला विचारतेयस.

पण ऐक, विशाखा, माझा राग गेलेला नाही. पाळीबदलात भोक आहे हे तुला दिसलं, आणि तू काय केलंस? त्यात स्वतःला कोंबलंस! ना कुणाला सांगितलंस, ना कुठे लिहून ठेवलंस. रोज दुपारी फोन उशाशी घेतल्यासारखी जेवलीस. भाचीच्या बारशाला टिटवाळ्याला गेलीस तरी दोनच्या सुमारास गच्चीवर रेंज शोधत उभी होतीस, हे मावशींनी आता सांगितलं. हे काय इंजिनीअरिंग आहे? माणूस असा ओळीत बांधून ठेवायचा असतो का? आणि माणूस गेला तर, हा विचार तुला शिवला नाही? मला खात्री आहे शिवला असेल. तू म्हणाली असशील, बघू. तुझ्या त्या 'बघू'ने आम्हाला पुरतं गोत्यात आणलं गं.

दुसऱ्या दिवशी नितीन आणि मी कल्याणला तुझ्या घरी गेलो. त्याला तो फोन तपासायला हवा होता. मावशींना कुणीतरी अर्धवट सांगितलं होतं, विशाखाच्या चुकीमुळे रक्त खराब होणार होतं म्हणून. त्यांनी चहा दिला, समोर बसल्या, आणि नितीनला विचारलं, "साहेब, कागद लिहायचाय म्हणे तुम्हाला."

"हो, म्हणजे, ते ऑफिसचं..."

"माझं नाव घाला त्यात. एक मी दाबलं. विशूने थोडंच दाबलं? मला कळलं नाही, म्हातारीची चूक झाली, असं लिहा. मी अंगठा नाही देत, सही येते मला. पोर गेली माझी. तिच्या नावाला डाग नको."

नितीनने चहा तसाच खाली ठेवला. मी मावशींचे हात धरले आणि तेव्हाच ते सगळं, मेथडचं, किल्लीचं, समजावून सांगितलं. मावशी, तुम्ही टेपवरच्या बाईचं ऐकलंत आणि लगेच मला फोन केलात म्हणून रक्त वाचलं. आणि तो फोन तुमच्यापर्यंत आला, कारण विशाखाने तो स्वतःवर घेऊन ठेवला होता. चूक आमची सगळ्यांची. दोन पाळ्यांच्या मधे कुणीच नाही, हे आमच्यापैकी एकाने पाहिलं नाही. जिने पाहिलं ती एकटीच त्या जागेवर उभी राहिली.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे फोन मुद्दाम ठेवला होता तिने?"

"मुद्दाम."

खाली रस्त्यावर आल्यावर नितीन म्हणाला, "तूच लिही यार. तुला हवं तसं लिही, मी सही करतो."

मी लिहिलं. पाळीबदलाच्या वेळी जबाबदार व्यक्तीच नसण्याची शक्यता आमच्या रचनेत राहिली होती, असं लिहिलं. तुझं नाव एकदाच घातलं, आजवर ती उणीव कुणी भरून काढली ते सांगताना. रक्तपेढीने ते स्वीकारलं, कुरकुरत, पण स्वीकारलं. तुझ्या पुण्यानुमोदनाला नितीन बोलायला उभा राहिला, दोन वाक्यांत अडकला आणि खाली बसला.

राहिली ती ओळ. नवा नियम केलाय आता. येणारा माणूस 'आलो' म्हणेपर्यंत जाणाऱ्याला लॉगआउट करताच येत नाही. यादी रिकामी राहतच नाही. आणि अलार्मच्या हातात माझं फंक्शन. पण ते लागू करायला जुना प्रोग्रॅम बंद करावा लागणार होता. तो बंद झाला की त्याच्या हातातली मेथड जाणार, आणि मेथडने धरलेली तू जाणार. मावशी म्हणाल्या, "इथे येऊन कर. फोन माझ्यासमोर राहू दे. तो परत वाजला तर माझा जीव जाईल, आणि बंद करून ठेवायचं धाडस होत नाही."

म्हणून काल दुपारी मी तुमच्या घरी लॅपटॉप उघडून बसले. ठाण्याला परेश तयार होता. पाळी बदलायच्या वेळी तो फ्रीजचा सेन्सर कोमट पाण्यात बुडवणार होता. तुझा फोन टेबलावर, मधोमध. मावशी हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसलेल्या.

मी प्रोग्रॅम बंद केला. नवा सुरू केला. परेशला म्हटलं, बुडव.

घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. मावशींचे ओठ हलत होते. मी स्क्रीनकडे बघायला हवं होतं, सगळं तिथेच दिसणार होतं, पण माझी नजर तुझ्या फोनवरून हलेना. तो वाजला तर मी नापास, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मग माझा फोन थरथरला आणि आम्ही दोघी दचकलो.

"आला मॅडम," परेश म्हणाला. "मला आला, सकाळवाल्याला पण आला. एकदम ओके."

मावशींनी टेबलाकडे बोट केलं. "आणि हा?"

"हा नाही वाजणार आता, मावशी."

"म्हणजे संपली का गं तिची ड्यूटी?"

मी हो म्हटलं. त्या उठल्या, फोन उचलला, पदराने काच पुसली आणि परत होता तिथेच ठेवला. मग आत जाऊन त्यांनी भात लावला. मला म्हणाल्या, जेवल्याशिवाय जायचं नाही.

तुझी ओळ मी काढली, विशाखा. चूकच होती ती, आणि तू समोर असतीस तरी मी हेच म्हटलं असतं. पण परेशचा फोन ठेवल्यावरही मी तुझ्या फोनकडे बघत बसले होते, आणि खरं सांगते, तो वाजावा असं मला वाटत होतं.